सेसनातून एअरबसमध्ये: सिम्युलेटरवर मोठं विमान शिकायचा क्रम

सिम्युलेटर घेतल्याच्या पहिल्याच दिवशी ए320 हे एअरबसचं प्रवासी जेट निवडायचं आणि इंजिनं आधीच चालू असलेल्या अवस्थेत रनवेवरून उडायचं, हे कुणालाही जमतं. हवेत गेल्यावर तर हे विमान सेसनासारख्या छोट्या विमानापेक्षाही आज्ञाधारक वाटतं. घोळ होतो तो तासाभराने, उतरताना. रनवे 20 मैलांवर आलेला असतो, विमान अजून 12,000 फुटांवर असतं आणि वेग 310 नॉट. नाक खाली दाबलं की वेग वाढतो, वेग मारायला नाक वर घेतलं की उंची तशीच राहते. इंजिन सुरू करायचे व्हिडिओ कितीही पाहिले तरी हा पेच सुटत नाही, कारण अडचण बटणांची नाहीच. साठ टनांच्या विमानाची उंची आणि वेग किती मैल आधीपासून खर्च करायचे, याचा अंदाज नसतो. तो अंदाज लहान विमानात तयार होतो आणि मधल्या विमानांत पक्का होतो.

खालचे आकडे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन 12 या दोन्हींत चालतात. पैसे घालायचे नसतील तर फ्लाइटगिअर फुकट आहे, पहिल्या दोन पायऱ्या त्यातही छान होतात. मैल म्हणजे सगळीकडे नॉटिकल मैल.

सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये जाऊन मदतीचे सगळे पर्याय बंद करा: ऑटो-रडर (रडर म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची पट्टी), ऑटो-मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), लँडिंगची मदत. ऑटो-रडर चालू ठेवून शिकलेलं क्रॉसविंड (बाजूच्या वाऱ्यातलं) लँडिंग पुढे मोडून पुन्हा शिकावं लागतं. जॉयस्टिकला 3 ते 5 टक्के डेडझोन (मधली निष्क्रिय जागा) पुरे. पिळून रडर फिरवता येणारी साधी जॉयस्टिक असली तरी चालेल, पण थ्रॉटलची पट्टी वेगळी हवीच. आणि ग्राफिक्स इतकेच ठेवा की रनवेजवळ फ्रेम रेट 30 च्या खाली जाणार नाही. चित्र अडखळलं की फ्लेअर (टेकण्याआधी नाक किंचित उचलणं) चुकतोच, मग दोष हाताचा की कॉम्प्युटरचा तेही कळत नाही.

सेसना 172: ट्रिम येईपर्यंत हलू नका

172एस साठी लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. 55 नॉटला नाक उचला, 74 ला चढा. समतल उड्डाणात 2,300 आरपीएमला वेग 105-110 च्या घरात बसतो. सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या चौकोनी फेरीत) 2,100 आरपीएम, सुमारे 90 नॉट. फायनलला (रनवेच्या रेषेत उतरताना) 1,500 आरपीएम, फ्लॅप्स (पंखांमागच्या, कमी वेगात उडू देणाऱ्या पट्ट्या) आणि 65 नॉट. पूर्ण फ्लॅप्स 85 नॉटच्या वर उघडायचे नाहीत.

क्रम नेहमी एकच ठेवा: नाक हवं तिथे धरा, पॉवर लावा, वेग स्थिर होईपर्यंत थांबा, आणि मग हातावरचा दाब शून्य होईस्तोवर ट्रिम (नाक ठरलेल्या जागी टिकवणारं चाक) फिरवा. बहुतेक जण ट्रिमनेच विमान वर-खाली करायला जातात, आणि मग विमान झोके खात राहतं. टेकऑफला उजवा रडर विसरला की विमान डावीकडे ओढलं जातं. ती सिम्युलेटरची चूक नव्हे, प्रोपेलरचा परिणाम आहे.

सरावाला पुणे चांगलं. विमानतळाची उंची जवळपास 1,940 फूट आहे, त्यामुळे अल्टिमीटरवर 2,900 दिसलं तरी जमिनीपासून आपण हजार फुटांच्याही आतच आहोत हे डोक्यात बसतं. समुद्रसपाटीला शिकलेल्यांना ही वजाबाकी पुढे फार नडते. पश्चिमेला निघालात तर सह्याद्री आहे, कळसूबाई 5,400 फूट, तेव्हा ढगात शिरून घाट ओलांडू नका. बारामती किंवा गोंदियाजवळचं बिरसी घेतलंत तर खरे विद्यार्थी वैमानिक जिथे शिकतात तिथेच सर्किट मारल्यासारखं होईल.

पुढे जायची अट साधी आहे. 45 अंश कलून पूर्ण वळण घ्या, उंची 100 फुटांच्या बाहेर जाता कामा नये. फायनलवर वेग 5 नॉटच्या आत राहिला पाहिजे, बाजूने 10 नॉट वारा लावूनही. ऑटोपायलट नाही, पॉज नाही. हे लागोपाठ जमलं की पुढची पायरी.

त्याच सेसनात आयएलएस, हाताने

विमान न बदलता खिडकीबाहेर पाहणं बंद करा. ढगांचा तळ 800 फुटांवर आणा आणि आयएलएसने (रनवेची दिशा आणि उतार दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेने) उतरा. फ्रिक्वेन्सी, कोर्स आणि किमान उंची यांसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपीमध्ये (ऑनलाइन माहितीपुस्तिकेत) आपल्याकडचे अप्रोच चार्ट फुकट मिळतात.

3 अंशांच्या उतारासाठी ग्राउंडस्पीडला (जमिनीच्या तुलनेतल्या वेगाला) 5 ने गुणा, आलेला आकडा म्हणजे मिनिटाला किती फूट उतरायचं ते. 90 नॉट असतील तर 450, 140 नॉट असतील तर 700. सेसनात हा गुणाकार अंगवळणी पडला की एअरबसमध्येही तोच चालतो.

इथली ठरलेली चूक म्हणजे सुईच्या मागे धावणं. लोकलायझरची (डावी-उजवी दिशा दाखवणारी) सुई रनवे जवळ येईल तशी जास्त संवेदनशील होते. 10 मैलांवर 10 अंशांची दुरुस्ती चालते, 2 मैलांवर 2-3 अंश पुरतात. सुई एका जागी थांबवणारं हेडिंग (नाकाची दिशा) शोधा, ते सापडलं की वारा किती आहे हे आपोआप कळतं.

मधली विमानं

बॅरन 58 सारखं दोन पिस्टन इंजिनांचं विमान एक-दोन संध्याकाळी उडवा आणि एक इंजिन मुद्दाम बंद करून पाहा. 84 नॉटच्या खाली एका इंजिनावर पूर्ण पॉवर दिलीत तर रडर पुरत नाही. एवढं पाहिलंत की झालं.

टर्बोप्रॉपला (प्रोपेलर फिरवणाऱ्या टर्बाइन इंजिनाच्या विमानाला) मात्र वेळ द्या. टीबीएम 930 किंवा किंग एअर 350 मध्ये तीन नव्या गोष्टी येतात. पहिली, थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायचा नसतो. टॉर्क (प्रोपेलर फिरवण्याचा जोर) आणि आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) यांतली जी मर्यादा आधी येईल तिथे थांबायचं. दुसरी, इंजिन सुरू करताना गॅस जनरेटर (इंजिनाचा आतला फिरता भाग) 12-13 टक्क्यांवर जायच्या आत इंधन सोडलंत तर तापमान मर्यादेबाहेर जातं आणि इंजिन भाजतं. तिसरी, केबिनचा दाब. 25,000 फुटांवर जाऊन ब्लीड (इंजिनातून केबिनला जाणारी हवा) चालू करायचं राहिलं की लाल इशारे लागतातच. एटीआर 72-600 मिळालं तर सोन्याहून पिवळं: इंडिगो आणि अलायन्स एअर ही विमानं लहान शहरांकडे चालवतात, त्यामुळे मार्गही खरे निवडता येतात.

मग छोटं जेट. सायटेशन सीजे4 ची शिफारस एवढ्यासाठी की त्यात एफएमएस (मार्ग सांभाळणारा संगणक) आहे, ते 45,000 फुटांपर्यंत जातं, पण ऑटोथ्रॉटल (वेग आपोआप राखणारी सोय) नाही. वेग तुम्हालाच सांभाळावा लागतो. प्रोपेलरच्या विमानात पॉवर काढली की प्रोपेलरच ब्रेकचं काम करतो. जेटमध्ये पॉवर काढली की काहीच होत नाही, विमान घसरत राहतं. शिवाय आयडलवर (किमान पॉवरवर) गेलेलं जेट इंजिन पूर्ण जोर द्यायला काही सेकंद घेतं. 200 फुटांवर आयडलला असताना वेग घटला तर ते सेकंद तुमच्याकडे नसतात. म्हणून अप्रोचला फ्लॅप्स आणि चाकं बाहेर, आणि इंजिन थोडं वर फिरत ठेवलेलं. सीजे4 मध्ये 110 नॉटच्या आसपासचा वेग ऑटोथ्रॉटलशिवाय धरता आला की एअरबससाठी हात तयार झाला समजा.

ए320 की 737?

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी फ्लायबायवायरचं ए32एनएक्स फुकट आहे, एक्स-प्लेनला झिबोचं बोइंग 737-800 फुकट आहे. दोन्ही इतकी तपशीलवार आहेत की सुरुवातीला पैसे खर्चायची गरज नाही. पीएमडीजीचं 737 किंवा फेनिक्सचं ए320 नंतर घ्या.

ए320 मध्ये ट्रिम आपोआप होतं. साइडस्टिक सोडली की विमान आहे त्या मार्गावर राहतं, म्हणून सतत ढवळत बसायचं नाही: टिचकी द्या, सोडा, बघा. 737 जुन्या वळणाचं आहे. इंजिनं पंखांखाली असल्याने जोर वाढवला की नाक वर जातं आणि प्रत्येक बदलाला ट्रिम करावं लागतं. सेसनातलं ट्रिम आवडलं असेल तर 737 घ्या. पुढचं सगळं ए320 धरून दिलं आहे. एक पथ्य मात्र पाळा: एकाच वेळी दोन्ही शिकू नका, फ्लॅप्सचे वेग आणि पॅनेलच्या सवयी एकमेकांत मिसळतात.

पहिलं उड्डाण: मुंबई ते नागपूर

मुंबई-गोवा मोह घालतं, पण सव्वादोनशे मैलांत चढून होतं न होतं तोच उतरायची तयारी करावी लागते. नागपूर सुमारे 370 मैलांवर आहे. क्रूझमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो, रनवे 3,200 मीटरचा आहे आणि आजूबाजूला डोंगर नाहीत. पूर्वेकडे जाताना विषम हजारांची लेव्हल असते, म्हणून 350 (35,000 फूट) घ्या.

सिमब्रीफवर फुकट फ्लाइट प्लॅन तयार करा आणि त्यातलंच इंधन भरा. टाक्या पूर्ण भरून निघालात तर नागपूरला उतरताना विमान फार जड राहील. ए320निओचं कमाल लँडिंग वजन 67.4 टन आहे आणि ते ताशी साधारण 2.4 टन इंधन जाळतं, त्यामुळे जास्तीचं इंधन वाटेत संपणार नाही.

एमसीडीयू (फ्लाइट प्लॅन भरायचा कॉकपिटमधला छोटा संगणक) भरायचा क्रम: इनिट, एफ-प्लॅन, इनिटचं दुसरं पान (वजन आणि इंधन), शेवटी पर्फ. रनवे आणि एसआयडी (विमानतळावरून निघायचा ठरलेला मार्ग) निवडल्यावर फ्लाइट प्लॅनमध्ये ‘डिस्कंटिन्युइटी’ नावाची फट राहते. काही फटी अप्रोचच्या रचनेतच असतात, पण एसआयडी आणि मार्ग यांमधली फट क्लिअर करून काढून टाका. ती राहिली की त्या बिंदूनंतर विमान मार्ग सोडून सरळ जात राहतं, आणि ऑटोपायलट बिघडला असं वाटतं. प्लॅन मोडमध्ये नकाशावर एकेक बिंदू सरकवून शेवटपर्यंत पाहिलंत तर हे जमिनीवरच सापडतं.

टॅक्सी करताना सरळ रेषेत 20 नॉटच्या आसपास, काटकोनी वळणाला 10. पुढचं चाक वैमानिकाच्या मागे असतं, म्हणून वळणाची पिवळी रेषा पायाखालून पुढे गेल्यावरच वळायचं. सेसनासारखं आधीच वळलात तर आतलं चाक गवतात.

टेकऑफला लिव्हर एकदम पुढे नेऊ नका. आधी दोन्ही इंजिनांचे एन1 (पुढच्या पंख्याची गती) 50 टक्क्यांवर बसू द्या, मग लिव्हर फ्लेक्स खाचेत (पूर्णपेक्षा कमी टेकऑफ जोर). नाक सेकंदाला 3 अंशांच्या गतीने 15 अंशांपर्यंत. सुमारे 1,500 फुटांवर ‘एलव्हीआर सीएलबी’ चमकलं की लिव्हर सीएल (चढण्याच्या) खाचेत आणा. लिव्हर खाचेत असूनही ते चमकत राहिलं तर थ्रॉटलचं कॅलिब्रेशन राहिलं आहे. ए32एनएक्सच्या टॅब्लेटमध्ये त्यासाठी वेगळं पान आहे, प्रत्येक खाच तिथे नोंदवावी लागते.

एफसीयूवरची (समोरच्या ऑटोपायलट पॅनेलवरची) बटणं दाबली की कारभार विमानाकडे, ओढली की तुमच्याकडे. माउसने दाबणं आणि ओढणं यांत गल्लत फार होते, म्हणून प्रत्येक वेळी मुख्य पडद्याच्या वरच्या ओळीतला हिरवा मोड वाचा. बटण काय केलं ते महत्त्वाचं नाही, ती ओळ काय म्हणते तेच खरं.

उतरण

बोरघाटाच्या माथ्यावरच भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर गिअर पाडतो, पायथ्याशी ब्रेकवर उभा राहत नाही. इथेही तसंच.

हिशोब असा: जितके हजार फूट उतरायचे, त्याच्या तिप्पट मैल. वर दर 10 नॉट वेग कमी करायला 1 मैल. नागपूरला 3,000 फुटांवर आयएलएस पकडायचं ठरवलं, म्हणजे जमिनीपासून साधारण 2,000 फूट, रनवेपासून सुमारे 6 मैल. 35,000 मधून 3,000 गेले, राहिले 32 हजार. 32 गुणिले 3 म्हणजे 96. वेग 280 वरून 180 करायचा, त्याचे 10. एकूण 106, त्यात ते 6 मैल मिळवले की रनवेपासून 112 मैल. मागून वारा असेल तर आणखी थोडं आधी. एमसीडीयू उतरायला लागायचा स्वतःचा बिंदू दाखवतोच, पण तुमचा आकडा त्याच्या जवळ येत नसेल तर फ्लाइट प्लॅनमध्ये काहीतरी चुकलं आहे.

तो बिंदू आला म्हणून विमान आपोआप उतरत नाही. एफसीयूवर खालची उंची लावून उंचीचं बटण तुम्हीच दाबायचं. चहा घ्यायला उठलात आणि 20 मैल पुढे गेलात, की पुढचा सगळा हिशोब कोलमडतो.

वाटेत दोन ठिकाणी तपासा. जमिनीपासून 10,000 फुटांवर असताना अंतर 30 मैल आणि वेग 250. जमिनीपासून 3,000 फुटांवर 9-10 मैल आणि 200 च्या आत. जास्त उंच असाल तर वेग अजून मोठा असतानाच स्पीडब्रेक (पंखांवर उभ्या होणाऱ्या पट्ट्या) उघडा, कमी वेगात त्यांचा उपयोग फारसा होत नाही. फ्लॅप्स फुल असताना तर ए320 मध्ये ते उघडतच नाहीत. खरा हुकमी उपाय म्हणजे चाकं. 250 नॉटपर्यंत ती खाली सोडता येतात आणि विमान लगेच जड चालायला लागतं. लोक त्याला संकोचतात, कारण ‘इतक्या लवकर चाकं?’ असं वाटतं. सोडा खुशाल.

समतल उडताना आयडलला मैलामागे साधारण 10 नॉट कमी होतात. 3 अंशांच्या उतारावर मात्र फ्लॅप्स न काढलेलं विमान जवळपास मंदावतच नाही. म्हणून ग्लाइडस्लोप (आयएलएसचा उतार) पकडायच्या आधीच फ्लॅप्स 1 आणि 200 च्या आत वेग हवा. मर्यादा अशा: फ्लॅप्स 1 ला 230, 2 ला 200, 3 ला 185, फुल ला 177.

ग्लाइडस्लोप नेहमी खालून पकडायचा. वर राहून एपीपीआर (अप्रोचचं बटण) दाबलंत तर लोकलायझर पकडला जाईल, ग्लाइडस्लोप निळाच (न पकडलेला) राहील आणि विमान रनवेवरून तसंच पुढे निघून जाईल. जमिनीपासून 2,000 फुटांच्या आसपास फ्लॅप्स 2, मग चाकं, मग 3, मग फुल. 1,000 फुटांवर चाकं खाली, फ्लॅप्स फुल, वेग अप्रोचच्या ठरलेल्या वेगाच्या, म्हणजे व्हीअ‍ॅपच्या जवळ आणि इंजिन 50-55 टक्के एन1 वर, यातलं एक जरी नसेल तर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढणं). सिम्युलेटरवर गो-अराउंडचा सराव कुणी करत नाही. लिव्हर टोगाला (पूर्ण जोराला), नाक 15 अंश, फ्लॅप्स एक पायरी वर, चढतोय हे दिसल्यावर चाकं आत. एवढंच.

अल्टिमीटरही इथेच फसवतो. चढताना लावलेलं 1013 (हवेचा प्रमाण दाब) उतरताना बदलायचं राहिलं आणि पावसाळ्यात नागपूरचा क्यूएनएच (स्थानिक दाब) 1003 असला, तर दाखवलेल्या उंचीपेक्षा तुम्ही जवळपास 300 फूट खाली असता. ग्लाइडस्लोपवर हे लक्षात येत नाही, आयएलएस नसलेल्या रनवेला मात्र थेट जमिनीशी गाठ.

शेवटचे 50 फूट

सेसनात रनवेवर येऊन नाक हळूहळू वर धरत वेग संपवायचा असतो. ए320 मध्ये तसं केलंत तर विमान तरंगत राहतं. 140 नॉट म्हणजे सेकंदाला 72 मीटर. पाच सेकंद तरंगलात की साडेतीनशे मीटर रनवे गेला.

मिनिटाला 700 फूट म्हणजे सेकंदाला सुमारे 12 फूट, म्हणजे ‘फिफ्टी’ ऐकल्यापासून टेकायला जेमतेम चार सेकंद. 30 फुटांवर स्टिक हलकेच मागे, नाक 2 ते 3 अंश वर, आणि तिथेच धरा. त्या उंचीखाली विमानाचा संगणक मुद्दाम नाक हळूहळू खाली आणतो, म्हणून थोडा दाब टिकवावाच लागतो. सोडलात तर आपटतं. ‘रिटार्ड’ ऐकल्यावर लिव्हर आयडलला. पुढेच राहिली तर ऑटोथ्रस्ट (एअरबसचा ऑटोथ्रॉटल) वेग टिकवत बसतो आणि ग्राउंड स्पॉयलर (विमान जमिनीवर दाबून थोपवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) उघडत नाहीत. नजर रनवेच्या दूरच्या टोकाकडे, नाकापुढच्या पट्ट्यांकडे नाही. नाक 10 अंशांच्या वर गेलं तर शेपूट घासायची भीती असते.

टेकल्यावर रिव्हर्स (इंजिनांचा उलटा जोर), 70 नॉटला रिव्हर्स आयडल. ऑटोब्रेक लो असेल तर ब्रेक लागायला काही सेकंद जातात, तेवढ्यात घाबरून पॅडल दाबलंत तर ऑटोब्रेक सुटतो.

हे चार सेकंद घोटायला प्रत्येक वेळी मुंबईहून निघायची गरज नाही. नागपूरलाच जमिनीपासून 1,500 फुटांवर, अल्टिमीटरवर साधारण 2,550 धरून, सर्किट मारा. डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट दिशेने उडताना) रनवेचं टोक मागे पडलं की 45 सेकंद मोजा आणि वळा. इंधन 5-6 टन, ऑटोपायलट बंद. पहिल्या काही फेऱ्या ऑटोथ्रस्ट चालू ठेवून, नंतर तोही काढून. मध्येच सेव्ह केलेली फ्लाइट पुन्हा उघडायचा शॉर्टकट टाळा. तपशीलवार ॲडऑन अशा वेळी अर्धवट अवस्थेत उठतात, एफएमएस रिकामा असतो आणि फ्लॅप्सचे आकडे जुळत नाहीत.

हातानं सर्किट जमायला लागलं की वॅटसिमवर (सिम्युलेटरच्या ऑनलाइन नेटवर्कवर) जायला हरकत नाही. तिथे जिवंत माणसं एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) चालवतात. आधी निरीक्षक म्हणून नुसतं ऐका, मग गर्दी नसलेल्या वेळी एक छोटं उड्डाण करा. कंट्रोलरने 4,000 फुटांवरच रोखून धरलं आणि 8 मैलांवर अप्रोच दिला, तर वरचा हिशोब डोक्यात असायला हवा. जमणार नसेल तर ‘अनेबल’ म्हणा. तो वळसा देईल.